ओढायचं की उचलायचं? ट्रॅक्टर आणि कमरेत वाकणारा लोडर

करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला माझ्या मामांचा गोठा आहे. लहानमोठी धरून तीस म्हसरं, चार एकर ऊस आणि पस्तीस हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर. त्याचं इंजिन एकदा उतरवून झालंय. उन्हाळ्यात गेलो तेव्हा मामांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. पडद्यावर एक बुटकं यंत्र होतं. पुढं बकेट, मागं इंजिन, आणि वळताना चाकं वळायच्या ऐवजी अख्खं यंत्रच कमरेत वाकत होतं. गोठ्याच्या बोळातनं शेण भरून बाहेर, तिथल्या तिथं वळून परत आत.

"ट्रॅक्टर बदलायला आलाय," मामा म्हणाले. "त्याच्याऐवजी ह्यो घेतला तर? दोन्ही कामं करंल न्हवं का?"

"न्हाई करणार मामा," मी म्हटलं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेच्या दुरुस्तीचं काम करतो. या यंत्रांचे पंप, सिलिंडर, होजपाइप रोज हातात असतात, त्यामुळं उत्तर तोंडावर होतं. पण ते का करणार नाही, हे त्यांना पटेल असं सांगायला मला अख्खी संध्याकाळ लागली. नंतर हाच प्रश्न आणखी दोघातिघांनी विचारला, म्हणून त्या संध्याकाळचं बोलणं इथं नीट मांडतो.

ट्रॅक्टर ओढण्यासाठी जन्मलाय आणि लोडर उचलण्यासाठी. बाकी सगळे फरक यातनंच निघतात. चाकं कुठं मोठी, वजन कुठं, इंजिन कुठं, ताकद कुठून बाहेर काढायची, हे सगळं या एका गोष्टीवर ठरलेलं असतं.

ट्रॅक्टरपासून सुरू करू. उभ्या ट्रॅक्टरचं वजन बघितलं तर साधारण साठ-पासष्ट टक्के मागच्या चाकांवर असतं. औत जोडून ओढायला लागला की आणखी वजन मागं सरकतं, म्हणून तर नांगरताना पुढचं तोंड हलकं होतं. आता टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये ताकदही मागच्याच चाकांना. म्हणजे जितकं ओढायचं, तितकं वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर येतं आणि चाक मातीला धरतं. यातली सगळ्यात हुशार गोष्ट आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी केली. त्यांची तीन दांड्यांची जोडणी आणि तिला जोडलेलं हायड्रॉलिक १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आलं आणि आज आपल्या गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं तेच आहे. नांगर खोल रुतला की वरच्या दांड्यावर, म्हणजे टॉप लिंकवर दाब येतो. तो दाब हायड्रॉलिकला कळतो आणि ते नांगर किंचित वर घेतं. त्याबरोबर नांगराचं आणि त्यावर बसलेल्या मातीचं ओझं मागच्या चाकांवर येतं आणि घसरायला लागलेलं चाक परत पकडतं. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. त्याआधी नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो मागं उलटायचा धोका असे. एका दांड्यानं तो धोकाही पुष्कळ कमी केला.

हे मुद्दाम विस्तारानं सांगतोय, कारण लोडर घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा हे विसरतो. पलटी नांगर, सरी सोडणं, रोटाव्हेटर, उसाची भरणी, भरलेली ट्रॉली फडातनं काढून कारखान्यापर्यंत नेणं, या कामांसाठी ट्रॅक्टरच्या अंगात ऐंशी-नव्वद वर्षांचं शहाणपण आहे. एक-दीड टनाच्या छोट्या लोडरला ते येत नाही. कोणतंही यंत्र फार तर स्वतःच्या वजनाच्या आसपास ओढ लावू शकतं, त्यापुढं चाक नुसतं फिरतं. आणि रस्त्यावर ट्रॉली ओढणं सोपं असलं तरी उतारावर ती थांबवायलाही वजन लागतं. हलक्या यंत्राला मागची भरलेली ट्रॉली ढकलत नेते. छोटे लोडर धावतातही ताशी दहा-बारा किलोमीटरच्या घरात. कारखान्याच्या रांगेत त्यांना जागा नाही.

"मग ट्रॅक्टरलाच पुढं बकेट बसवूया की," मामांचा पुढचा प्रश्न. हा प्रश्न बरोबर आहे आणि इथंच खरी गंमत आहे, त्यामुळं थोडं गणित करू.

समजा ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत दोन मीटर अंतर आहे. बकेट पुढच्या चाकांच्या एक मीटर पुढं आहे आणि तिच्यात पाचशे किलो शेण आहे. पहार टेकवून दगड उचलतो तसं हे झालं. पुढचं चाक म्हणजे टेकू. टेकूच्या पुढं एक मीटरवर ५०० किलो, म्हणजे टेकूच्या मागं दोन मीटरवर असलेल्या मागच्या चाकांवरचं २५० किलो वजन उचललं गेलं. ते गेलं कुठं? पुढच्या चाकांवर. म्हणजे पुढच्या चाकांवर शेणाचे ५०० अधिक मागून आलेले २५०, असे ७५० किलो वाढले. अठराशे किलोच्या ट्रॅक्टरचे पुढं ७०० आणि मागं ११०० असतील, तर आता पुढं १४५० आणि मागं ८५०. पुढचा अ‍ॅक्सल दुप्पट वजन सोसतोय आणि जी चाकं ओढणार आहेत त्यांचं जवळजवळ पाव वजन उडालंय.

मामांनी हे ऐकून मान हलवली. शेजारच्या गोठ्यात बकेट लावलेला ट्रॅक्टर ओल्या शेणात जागेवर चाकं फिरवत उभा राहतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. ड्रायव्हरला नावं ठेवून झाली होती. चूक ड्रायव्हरची नव्हती.

यावर उपाय आहे. मागच्या तीन दांड्यांवर वजन टांगायचं. मागच्या चाकांच्या एक मीटर मागं ३०० किलोचा ठोकळा टांगला तर मागं ४५० किलो वाढतात आणि पुढचे १५० कमी होतात. करून बघा हिशेब, वरच्यासारखाच आहे. म्हणून ट्रॅक्टरला लोडर बसवला तर मागचं वजन ही हौस नाही, तो लोडरचाच भाग आहे. काँक्रीट भरलेला ड्रम टांगला तरी चालतो.

पण दुसरी अडचण वजनानं सुटत नाही. ट्रकला असते तशी लांब चासी आपल्या बहुतेक ट्रॅक्टरना नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल हे एकमेकांना बोल्टनं जोडलेले असतात आणि तेच ट्रॅक्टरचा कणा असतात. लोडरची फ्रेम नुसती पुढं इंजिनाच्या बाजूला कवटाळून बसवली, तर रोजचे धक्के त्या जोडांवर येतात. बोल्ट ढिले होतात, कधी बीडाचं घर तडकतं. चांगली फ्रेम ते धक्के मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेते. आपल्या भागात फ्रेम बनवणारे हात चांगले आहेत, माझ्या आसपासच आहेत. फक्त ऑर्डर देताना "फ्रेम मागं कुठवर जातीय?" एवढं विचारा, आणि ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या डीलरकडून लेखी घ्या. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरला तर लोडर लावूच नका. भरलेल्या बकेटसह ते चाक दिवसभर वळवणं म्हणजे खांद्याची वाट लावणं आहे.

कमरेत वाकण्याचा फायदा

आता मोबाईलवरच्या यंत्राकडं येऊ. त्याला आर्टिक्युलेटेड लोडर म्हणतात. यंत्राचे दोन तुकडे, पुढचा आणि मागचा, मधोमध एका जाड पिनवर जोडलेले. वळायचं झालं की हायड्रॉलिक सिलिंडर त्या जोडाला एका बाजूला ढकलतो आणि यंत्र वाकतं. चाकं आपापल्या तुकड्यात सरळच राहतात.

हे कळायला उसाची ट्रॉली आठवा. वळणावर ट्रॅक्टर बरोबर जातो आणि ट्रॉली आत कापते. कट्ट्याचा कोपरा, विजेचा खांब, कुणाच्या दारातलं तुळशीवृंदावन, काहीतरी धरतेच. साध्या ट्रॅक्टरची मागची चाकंसुद्धा पुढच्यांपेक्षा आतल्या बाजूनं जातात, थोडी कमी एवढंच. कमरेत वाकणाऱ्या यंत्राचा जोड दोन्ही अ‍ॅक्सलच्या बरोबर मध्ये असेल, तर मागची चाकं पुढच्यांच्या खुणेवरूनच जातात. पुढचं चाक जिथून गेलं तिथून मागचं जाणारच. गोठ्यात एका बाजूला गव्हाण आणि दुसऱ्या बाजूला म्हशीचे पाय असताना याची किंमत कळते.

आकडे सांगायचे तर चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर एका बाजूचा ब्रेक दाबून वळवला तरी साधारण तीन मीटरची त्रिज्या घेतो. लहान आर्टिक्युलेटेड लोडर दोन मीटरच्या आसपास वळतो आणि सगळ्यात छोटे तर रुंदीला एक मीटरच्या घरातले असतात.

यंत्र वाकताना चाक फरपटत नाही, हेही महत्त्वाचं. स्किड स्टिअर लोडर पाहिला असेल, एका बाजूची चाकं थांबवून किंवा उलटी फिरवून जागेवर गरकन फिरतो. त्याची जन्मकथा गोठेवाल्यांना आवडेल. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर आडनावाच्या दोन भावांनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी तो बनवला. मोठं यंत्र शेडच्या खांबांमधून जात नव्हतं आणि विष्ठा तर काढायची होती. त्यातूनच पुढं बॉबकॅट हा नावाजलेला लोडर झाला. म्हणजे हा सगळा वंशच शेण काढण्यासाठी जन्मलेला आहे. पण स्किड स्टिअर फिरताना टायर जमिनीवर घासतो. काँक्रीटवर टायर झिजतात, मातीवर राड होते, लॉन असेल तर उकरलं जातं. अरुंद चौकोनी जागेत, कडक जमिनीवर तो उत्तम, आणि आपल्याकडं सहज मिळतो. त्याच्या बाजूनं एवढं म्हटलंच पाहिजे. ओल्या मातीच्या अंगणात मात्र मी वाकणारा निवडेन.

आणि वजनाचं काय? मघाचं गणित इथं उलटं कामाला येतं. इंजिन, पंप, डिझेलची टाकी, सगळं मागच्या तुकड्यात. मागचं इंजिन म्हणजेच टांगलेला ठोकळा. बकेट भरली की पुढच्या चाकांवर वजन वाढतं, पण इथं चारही चाकांना ताकद असते, त्यामुळं वजन वाढलं की पकडही वाढते. ट्रॅक्टरला ज्यानं अडचण झाली, त्याच गोष्टीनं याला मदत होते. बहुतेकांत हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह असतो, म्हणजे इंजिन पंप फिरवतं आणि तेल चाकं फिरवतं. क्लच-गिअर नाही, पेडल दाबलं की पुढं, दुसरं दाबलं की मागं. दिवसातनं दोनशे वेळा पुढं-मागं करणाऱ्या माणसाच्या डाव्या गुडघ्याला विचारा, हा फरक केवढा आहे ते.

वाकलं की ताकद घटते

इथं थांबून एक धोका नीट समजून घ्या. विक्रेता घाईत असला की हा भाग राहून जातो.

सरळ उभं असताना मागचं वजन पुढच्या चाकांपासून बरंच लांब असतं, म्हणून ते बकेटला तोलून धरतं. यंत्र वाकलं की तो मागचा तुकडा कोनात जातो आणि पुढच्या चाकांच्या जवळ येतो. समजा पुढच्या अ‍ॅक्सलपासून जोड ०.६ मीटरवर आणि जोडापासून मागच्या वजनाचा मध्य आणखी ०.६ मीटरवर आहे. सरळ असताना तोलणारा हात १.२ मीटरचा. चाळीस अंश वाकल्यावर तोच हात १.०६ मीटर राहतो. बारा टक्के तोल तिथंच गेला, आणि वर मागचं वजन एका बाजूला सरकल्यामुळं आडवं कलंडायची भीती वाढली ती वेगळी. बाहेर ढकलता येणारा टेलिस्कोपिक बूम, म्हणजे बकेट धरणारा हात असेल आणि तो पूर्ण लांब केला असेल तर अजून अवघड. तालमीत मुदगल फिरवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. अंगाजवळ धरलेलं वजन आणि हात लांब करून धरलेलं तेच वजन, यात किती अंतर असतं ते त्याच्या खांद्याला ठाऊक असतं.

म्हणून पत्रकावर "उचलण्याची क्षमता" एवढाच आकडा असेल तर समाधान मानू नका. विचारायचं ते असं: पूर्ण वळलेल्या अवस्थेत, बूम लांब करून, किती किलोला मागची चाकं उचलली जातात? त्याला टिपिंग लोड म्हणतात. बकेटच्या कामात त्याच्या निम्म्यापर्यंतच भार धरायचा, हा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. म्हणजे आठशे किलोला कलंडणाऱ्या यंत्रानं रोज चारशेच उचलावेत.

आणि बकेट केवढी घ्यायची ते भरणाऱ्या मालावर ठरवा. एक घनमीटर ओलं शेण नऊशे-हजार किलोच्या आसपास भरतं. तेवढीच ओली वाळू दोन हजाराच्या जवळ जाते, आणि मोकळा वाळलेला बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, शंभर-दीडशे किलोचंच. शेणासाठी घेतलेली बकेट शेजाऱ्यानं वाळूत घातली की यंत्र पुढं वाकून मुजरा करतं. गुऱ्हाळावर चिपाडं चुलवणाकडं न्यायची असतील तर उलट मोठी, हलकी बकेट किंवा पकड लागते.

चालवताना बकेट गुडघ्याच्या खाली ठेवून न्यायची. उचलायची तर यंत्र सरळ करून, वळणात नाही. सीटबेल्ट लावायचा, डोक्यावरची लोखंडी कमान काढून ठेवायची नाही. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः पोरांना, पुन्हा पुन्हा सांगा: इंजिन चालू असताना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागेत कुणी उभं राहायचं नाही. यंत्र वाकलं की ती जागा कात्रीसारखी मिटते. ग्रीस भरायला किंवा पाइप बदलायला हात घालायच्या आधी जोडाला लॉक करणारी दांडी बसवायची, आणि किल्ली स्वतःच्या खिशात. माझ्याकडं काम घेऊन येणाऱ्यांना मी हे आधी सांगतो, मग पंपाकडं बघतो.

रोटाव्हेटरचं स्वप्न

मोबाईलवर याच यंत्राला रोटाव्हेटर, गवत कापणी, खड्डे काढायचं ऑगर, झाडू, असं पन्नास काय काय लावलेलं दिसतं. ते खरं आहे. ऑगर, झाडू, मुरघास म्हणजे खड्ड्यात मुरवलेला चारा तोडणारी पकड ही कामं तो छान करतो. पण त्या अवजारांना ताकद तेलातनं येते आणि तेलाची ताकद मोजायला सोपं सूत्र आहे. मिनिटाला किती लिटर तेल गुणिले किती बार दाब, भागिले ६००, म्हणजे किलोवॅट. ३० लिटर आणि २०० बार असेल तर १० किलोवॅट, म्हणजे तेरा-साडेतेरा हॉर्सपॉवर. यातनं पाइप, वॉल्व आणि मोटरमध्ये आणखी थोडी जाते. मामांचा म्हातारा ट्रॅक्टरसुद्धा पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, मिनिटाला ५४० फेऱ्यांना, तिच्या दुप्पट देतो. परसातल्या वाफ्यात चालेल, चार एकर उसाच्या रानात नाही. शिवाय याचं पोट जमिनीला लागेल इतकं खाली असतं. आपल्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर तो कुठं बसेल ते सांगायला नको.

मग कोल्हापूर जिल्ह्यात हा कुणाला परवडतो? ज्याचं उचलायचं काम रोजचं आहे त्याला. वीस-पंचवीसच्या वरचे गोठे. मुरघासाचे खड्डे असणारे. रोपवाटिका, पोल्ट्री, गांडूळखत करणारे. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतली वाळू. आणि नदीकाठची आपली गावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर प्रयाग चिखलीपासून शिरोळपर्यंत घराघरात, गोठ्यागोठ्यात गाळ साचला होता. जेसीबी गल्लीत शिरत नव्हता, माणसं घमेल्यानं गाळ काढत होती. तेव्हा असली दहा यंत्रं जिल्ह्यात एका जागी उभी असती तर म्हशी आठ दिवस आधी दावणीला परत आल्या असत्या, असं मला आजही वाटतं. एखाद्या दूध संस्थेनं किंवा विकास सोसायटीनं असं यंत्र घेऊन तासावर भाड्यानं द्यावं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. एकट्यानं घेण्यापेक्षा बऱ्याच गावांत तेच शहाणपणाचं होईल. का, ते पुढच्या हिशेबातनं दिसतं.

तासाचा हिशेब

तीस म्हसरांचं गणित बघा. मोठी म्हैस दिवसाला साधारण पंधरा-वीस किलो शेण टाकते आणि पंचवीस-तीस किलो ओली वैरण खाते. लहान-मोठ्यांची सरासरी थोडी कमी धरली तरी रोज टनभरापेक्षा जास्त माल हातानं हलतो. बुट्टीनं, घमेल्यानं, डोक्यावर. आणि हे काम करणारा माणूस मिळेनासा झालाय. मामांचा गडी गेल्या वर्षी पंधरा दिवस गावाला गेला, तेव्हा मामींच्या पाठीनं हिशेब सांगितला. म्हणून मला हा प्रश्न नुसता पैशाचा वाटत नाही. तरीही पैसे मोजायलाच हवेत.

उदाहरणासाठी दहा लाखांचं यंत्र धरू. दहा वर्षांनी त्याचे तीन लाख आले, तर वर्षाला सत्तर हजार घसारा. मधल्या काळात सरासरी साडेसहा लाख अडकलेले, त्यावर नऊ टक्क्यांनी साडेअठ्ठावन्न हजार व्याज. विमा आणि किरकोळ पंधरा हजार. झाले वर्षाचे १,४३,५००. यंत्र उभं राहिलं तरी हे लागणारच. आता रोज पाऊण तास चाललं तर वर्षाचे २७० तास होतात आणि तासाला पाचशे तीस रुपये पडतात. रोज पावणेतीन तास चाललं तर हजार तास आणि तासाला एकशे त्रेचाळीस. डिझेल आणि ग्रीस वर. यंत्र तेच, किंमत तीच, तासाचा भाव पावणेचारपट.

ट्रॅक्टरच्या बाजूनं इथं दोन गोष्टी पडतात. एक म्हणजे कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला. लोडर हे मातीकामाचं यंत्र धरलं जातं, त्यावर अठरा टक्के. आठ लाखांच्या मूळ किमतीवर चाळीस हजार आणि एक लाख चव्वेचाळीस हजार, एवढा फरक. शिवाय ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अनुदानाचा अर्ज करता येतो. दुसरी गोष्ट विक्रीची. जुना ट्रॅक्टर बाजारात दोन दिवसांत जातो. परदेशी बनावटीच्या लोडरला गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

दुरुस्तीबद्दल मी बोललो नाही तर माझ्या धंद्याला जागणार नाही. ट्रॅक्टरचा मिस्त्री गावात आहे आणि पार्ट तालुक्याला मिळतो. हायड्रोस्टॅटिक पंप मात्र स्वच्छ तेलावर जगतो. तेलात बारीक कचरा गेला की आतले गुळगुळीत भाग ओरखडतात आणि दाब बसत नाही. असा पंप झाडावर टांगून घणानं ठोकून दुरुस्त होत नाही. फिल्टर ठरलेल्या तासाला बदलायचा, तेल ओतताना नरसाळं पुसून घ्यायचं, उघडा डबा वापरायचा नाही. वैरणीचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसतो, उन्हाळ्यात तेल तापतं, म्हणून जाळी रोज हवेनं झाडायची. शेणमुतात उभ्या राहणाऱ्या यंत्राच्या पिना गंजतात. काम संपलं की पाणी मारायचं, आणि मधल्या जोडाला रोज ग्रीस. तो जोड एकदा खेळायला लागला की यंत्र सरळ चालत नाही. त्या जोडातला बुश उद्यमनगरात कुणीही चांगला टर्नर काढून देईल, पंपाचं तसं नाही. खरेदीच्या आधी एकच विचारा: पंप गेला तर नवा किती दिवसांत येतो, आणि तोवर माझं शेण कोण काढणार? याचं उत्तर आठवड्याच्या पुढं गेलं तर मी ते यंत्र घेणार नाही. नांगरणी चार दिवस थांबते, गोठा एक दिवसही थांबत नाही.

मामांना मी एक वही दिली. घरात पडून असलेली पोराची शाळेची. पंधरा दिवस त्यात लिहायचं होतं: ट्रॅक्टर किती वेळ ओढण्यात गेला, किती वेळ नुसता ट्रॉली भरायची वाट बघत उभा राहिला, आणि माणसांचे किती तास उचलण्यात गेले. ट्रॉलीच्या वाट बघण्याचा रकाना सगळ्यात लवकर भरला. ट्रॅक्टर एकूण जितका वेळ कामावर होता त्याच्या निम्म्याहून जास्त वेळ तो उकिरड्याजवळ इंजिन बंद करून उभा होता, आणि दोन माणसं खोऱ्यानं त्याला भरत होती.

यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटला. जुना ट्रॅक्टर बदलायचा नाही. त्याला ओढायचं काम वर्षात थोडंच आहे, नांगरट भाड्यानंही होते. क्लच आणि टायर घालून तो अजून पाच वर्षं ट्रॉली ओढेल. नवा पैसा उचलण्यात घालायचा. शेजारच्या दोन गोठ्यांना तासावर काम दिलं तर दिवसाचे दोन तास भरतात, आणि तासाचा भाव दोनशेच्या खाली येतो. ज्याच्याकडं वीस एकर रान आहे आणि चारच म्हशी आहेत, त्याची वही अगदी उलटं सांगेल. त्यानं चांगला ट्रॅक्टर घ्यावा आणि लोडरचं नावही काढू नये.

नंतर आम्ही टेप घेऊन गोठा मोजला. गव्हाणीपासून भिंतीपर्यंतचा बोळ चार फूट दोन इंच निघाला, पण शेवटच्या खांबाजवळ तो तीन फूट आठ इंचांवर येतो. एक मीटरचं यंत्र तिथून जाईल, दोन्हीकडं जेमतेम तीन-चार बोटांचं अंतर ठेवून. ड्रायव्हर चुकला तर खांब नाहीतर म्हैस. तो खांब दोन फूट मागं घ्यायचं गवंड्याशी बोलून झालंय.

विक्रेता पुढच्या आठवड्यात यंत्र घेऊन दाखवायला येणार आहे. तो शोरूमच्या अंगणात चालवून दाखवतो म्हणाला होता, मामा नको म्हणाले. यंत्र आमच्या बोळात, आमच्या शेणात, बकेट भरून आणि पूर्ण वळवून बघायचं. त्या दिवशी सकाळी गोठा झाडायचा नाही, असं त्यांनी गड्याला आत्ताच सांगून ठेवलंय.